डिचोलीची फाइल

ग्रुपवर सगळे जत्रा, दशावतार, शाळेच्या आठवणी लिहितात. माझी आठवण जरा रुक्ष आहे, संगणकातली. पण पेडण्यात घडली आणि चूक माझी होती, म्हणून लिहितो.

२०२० चा पावसाळा. लॉकडाऊनमुळे काम घरून. सी भाषेतला जुना कोड वाचून त्यातल्या फंक्शनांची यादी काढणारा पार्सर मी पायथॉनमध्ये लिहिला होता. टीममध्ये डिचोलीची एक मुलगी नवीन लागलेली, प्रोबेशनवर. वडिलांचा खाणीवर ट्रक. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून तो दारातच उभा. घर हिच्या पगारावर.

तिच्या फाइलवर माझा पार्सर अडला. एरर काय, तर कंस जास्त आहे. तोही दोनेकशे ओळी खाली, जिथे काहीच चुकलेलं नव्हतं. मी सरळ साहेबांना मेल टाकला: फाइल नीट लिहिलेली नाही. तिचा फोन आला, "दादा, माझ्याकडे कंपाइल होते हो." मी म्हटलं, "कंपायलरचं सोड, फाइल बघ." खरं तर तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. कंपायलर जी फाइल मुकाट घेतो, ती मला का वाचता येऊ नये?

दुसऱ्या रात्री लाईट गेलेली, लॅपटॉपच्या बॅटरीवर बसलो. फाइल अर्धी कापली, मग त्याची अर्धी, असं करत शेवटी पाच ओळींचा एक मॅक्रो उरला. मॅक्रो एका ओळीत मावला नाही तर ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश देतात, म्हणजे 'पुढे चालू'. माझा पार्सर बघायचा की ओळीचं शेवटचं अक्षर बॅकस्लॅश आहे का. पण तिने फाइल विंडोजवर लिहिलेली. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवतं, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. लिनक्सवर नुसती लाइन फीड, आणि मी तेवढीच काढत होतो. बॅकस्लॅशच्या मागे कॅरेज रिटर्न चिकटून राहिला. पार्सरला वाटलं मॅक्रो पहिल्याच ओळीत संपला. उघडणारा कंस मॅक्रोबरोबर गेला, बंद करणारा खाली अनाथ. बाकी आम्ही सगळे लिनक्सवाले, म्हणून इतके दिवस खपून गेलं.

सीच्या प्रमाणात क्रम स्पष्ट दिलाय: आधी ओळी जोडायच्या, मग शब्द सुटे करायचे. मी ओळ वाचत, तोडत चाललो होतो. तो भाग पुन्हा लिहिला. फक्त मूळ ओळींचे क्रमांक जपले, नाहीतर एरर भलतीकडे दाखवतो. बॅकस्लॅशनंतर चुकून स्पेस पडली तर जीसीसी कुरकुरतो पण ओळ जोडतो. मीही तसंच ठेवलं.

पहाटे बाबा उठले. "कितें रे, न्हिदूंक ना?" त्यांना समजावलं. ते म्हणाले, "एक-चौदाच्या उताऱ्यात लांब नाव खालच्या ओळीत जातं. म्हणून काय नवा हिस्सेदार उपजला?" आमच्या जमिनीचे वाद त्यांना पाठ.

सकाळी ज्यांना पहिला मेल गेला होता त्या सगळ्यांना दुसरा टाकला, चूक माझ्या पार्सरची होती म्हणून. मग तिला फोन केला. क्षणभर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, मी दोन रात्री बसून तो मॅक्रो एकाच ओळीत लिहिला. आता परत तोडू?"

मी म्हटलं, राहू दे. ती लांबलचक ओळ अजून तशीच आहे.