बिलात नसलेली तूर

पाच हजार वस्तूंच्या दुकानात दोन-दोन वस्तूंच्या जोड्या होतात जवळपास सव्वा कोटी. त्यातली कुठली जोडी गिऱ्हाईक खरोखर सोबत नेतं, हे शोधणं माझं काम. सगळ्या जोड्या मोजत बसावं लागत नाही, ते ‘अप्रायोरी’ या रीतीमुळे. आयबीएममधल्या राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी ती १९९४ साली मांडली. एखादी वस्तूच क्वचित विकली जात असेल, तर तिची कुठलीही जोडी तिच्याहून जास्त वेळा दिसणार नाही. मग ती मोजायचीच कशाला?

पण क्वचित म्हणजे किती, ही रेघ माणूसच मारतो. वर्षभराच्या बिलांवर ती मारली की महालक्ष्म्यांचं सामान गळून पडतं. हळकुंड, खारीक, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या हे सगळं एका यादीत येतं ते भाद्रपदातल्या त्या चार दिवसांत. म्हणून भाद्रपद मी वेगळा काढतो.

दुसरी पारख ‘लिफ्ट’ची. समजा, हजार बिलांत साखर ६००, चहापत्ती ५००, दोन्ही मिळून ३००. चहापत्ती नेणाऱ्यांतले ६० टक्के साखर नेतात! पण साखर नेणारे एकंदरीतही ६० टक्केच. ६० भागिले ६०, म्हणून लिफ्ट १, म्हणजे चहापत्तीने साखर ओढलेली नाही. (आमच्या वऱ्हाडात हे कुणाला पटत नाही, तो भाग वेगळा.)

मला कोड्यात टाकलं ते तूरडाळीने. अकोला डाळमिलांचं गाव. तरी तिथल्या एका दुकानातून महिन्याचं तेल-साखर भरणारी घरं तूरडाळ नेईनात. लिफ्ट १ च्या बरीच खाली. दुकानदाराला विचारलं तर तो हसला. “भाऊ, तूर तं घरचीच रायते लोकायची. डाळ कायले घेतीन?” गावाकडच्या वाट्याची तूर येते, भरडून कोठीत पडते. ती कुठल्याच बिलावर चढत नाही, आणि अलीकडची न्यूरल मॉडेलंही शिकतात ती बिलांवरूनच.

अमरावतीत विद्यापीठाकडच्या वस्तीत नेमकं उलट. भाड्याने राहणारी पोरं, बदलीवर आलेले नोकरदार. तेलाबरोबर अर्धा किलो तूरडाळ ठरलेली. मालक एकच असला तरी या दोन दुकानांची बिलं मी एकत्र करत नाही. केली की इकडचं कमी तिकडच्या जास्तीत मुरतं, लिफ्ट १ च्या आसपास येते आणि तूरडाळीचं तेलाशी काही देणंघेणंच नाही, असा निकाल हाती पडतो.