दिसतंय का?

आमच्या आकुर्डीच्या घरातल्या बारा वर्षं जुन्या टीव्हीवर गेल्या दिवाळीत उजवीकडे एक उभी रेघ उमटली. "नवा घेऊन टाकू," मीच म्हटलं. मग काय, रात्री जागून अभ्यास सुरू!

एलईडी टीव्ही म्हणजे मुळात एलसीडीच, फक्त मागचा उजेड एलईडीचा. क्यूएलईडी त्यातलाच, रंग सुधारणारा एक थर जास्त. ओएलईडीत मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं असेल तर चक्क विझतो. आयपीएस पॅनेल बाजूने पाहिलं तरी रंग टिकवतं. व्हीएचा काळा जास्त गडद, पण कोपऱ्यातून फिका. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे जवळजवळ २१ लाख ठिपके. फोर-केमध्ये त्याच्या चौपट.

एवढी शिदोरी घेऊन बाबांना चिंचवडच्या एका दुकानात नेलं. बाबांनी भोसरी एमआयडीसीत ३४ वर्षं इन्स्पेक्शनला काढली. मायक्रोमीटर हातात असलेला माणूस! एक मायक्रॉन इकडचा तिकडे झाला तरी जॉब परत. त्यांना शेजारशेजारच्या दोन टीव्हींसमोर उभं केलं. एक फुल एचडी, एक फोर-के.

"कुठला क्लिअर वाटतो?"

"सारखेच आहेत रे."

"बरं, किंमत बघा."

"तूच वाच."

तेव्हा मी हसलो. रात्री वही काढली. ६/६ नजरेला एका अंशाचा साठावा भाग एवढा कोन वेगळा ओळखता येतो. ४३ इंची फुल एचडीचा ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे साडेपाच फुटांपलीकडे ठिपके एकमेकांत मिसळतात. आमचा सोफा आठ फुटांवर. फोर-केचे पैसे वाचले!

आणि मग लक्षात आलं, हे गणित ६/६ नजरेचं. बाबांचं काय? मॅच बघताना "स्कोअर किती झाला?" हा प्रश्न हल्ली फार वाढला होता. मला वाटायचं, गप्पांसाठी विचारतात.

डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा ६/१८, डावा त्याहून थोडा बरा. माझ्याच गणितात आकडा घातला तर साडेपाच फुटांचे दोन फूटही उरेनात.

"बाबा, सांगितलं का नाहीत?"

"अरे, मला वाटलं टीव्हीच जुना झालाय."

काय बोलणार! लहानपणी हेच बाबा गच्चीवर चढून सिंहगडाच्या दिशेने अँटेना फिरवायचे आणि वरून ओरडायचे, "दिसतंय का?" आम्ही खालून, "मुंग्या आल्या! अजून थोडं!" आम्हाला नीट दिसेपर्यंत ते उन्हात उभे असायचे. आणि मी आठवडाभर लाखांनी ठिपके मोजले, पण हा प्रश्न त्यांना एकदाही विचारला नाही.

जानेवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर बाबांनी घरी येऊन आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. भिंत बघितली, कॅलेंडर बघितलं, आईची निळी साडी बघितली. मग इन्स्पेक्शनचा निकाल जाहीर केला, "उजव्याने पांढरं ते पांढरं दिसतंय. डाव्याने सगळं पिवळट. उजवा पास, डावा रीवर्कला."

संध्याकाळी मॅच लावली. स्कोअर त्यांनीच मोठ्याने वाचला. मग टीव्हीकडे रोखून बघत म्हणाले,

"अरे, ह्याच्यावर उजवीकडे एक रेघ आहे की!"

नवा टीव्ही अजून घेतलेला नाही. डावा डोळा झाला की बाबाच निवडणार आहेत.