मिंट कंडिशन, व्हाया नरसी

कॉमिक कॉन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? फोम कापून केलेली तलवार मिरवणारा ॲनिमे हीरो, सेल्फीसाठी लागलेली रांग आणि खिशाला चाट लावणारे टी-शर्ट? बरोब्बर! पण त्याच हॉलमध्ये आणखी एक जमात फिरत असते. पाठीला सॅक, हातात यादी आणि नजर कॉस्प्लेवर नाही, तर टेबलाखाली सरकवलेल्या खोक्यावर. मी त्या जमातीतली.

आपल्याकडे हा मेळा तसा नवाच. पहिलं कॉमिक कॉन दिल्लीत फेब्रुवारी २०११मध्ये भरलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते मुंबईत आलं. दिल्लीच्या त्या पहिल्या मेळ्यात जीवनगौरवासाठी निवड झाली ती अनंत पै यांची. १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ सुरू करणारे आपले अंकल पै. पुरस्कारानंतर अवघ्या पाच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला ते गेले.

मुंबईच्या कॉनला मी दरवेळी एकच यादी घेऊन जाते : मराठी इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून १९६४ ते १९९० या काळात इंद्रजालचे आठशेच्या वर अंक निघाले. ली फॉकचा फँटम आपल्याकडे ‘वेताळ’ झाला आणि त्याच्या जंगलाचा बंगालशी घोळ होऊ नये म्हणून त्याचं ‘डेंकाली’ झालं. १९७६मध्ये आबिद सुरतींचा देशी ‘बहादूर’ही त्यात दाखल झाला. इंग्रजी अंक खोक्यात सापडतात. मराठीचं विचारलं की विक्रेते हसतात. “मॅडम, मिळाले तर मलाच फोन करा,” असं गेल्या वेळी एकानं सांगितलं.

कारण उघड आहे. इंग्रजी अंक कपाटात राहिला. मराठी अंक मात्र घरातल्या पाच जणांनी वाचला, मग शेजारी गेला, मग सलूनच्या बाकावर आणि शेवटी रद्दीत. मिंट कंडिशन, म्हणजे जणू कालच छापखान्यातून आलाय असा अंक, हवा असेल तर तो कुणीच न वाचलेला हवा! आमच्या छंदातली ही खरी गोम. ज्या पुस्तकावर कुणाचंच प्रेम बसलं नाही, ते सगळ्यात महाग.

आणि मग हिंगोलीहून आत्याचा फोन आला. “अगं, नरसीत एका गुरुजींकडे तुझी ती वेताळाची पुस्तकं आहेत म्हणे, ट्रंकभर. परतवारीला ये, दोन्ही होईल.”

परतवारी? पुण्या-मुंबईत आपल्याला आषाढी ठाऊक असते. तिच्यानंतर पंधरा दिवसांनी, आषाढ वद्य एकादशीला, पंढरपूरहून परतलेले वारकरी नरसीत नामदेवांच्या दर्शनाला येतात, ती परतवारी. संत नामदेवांचा जन्म १२७०मध्ये कयाधू नदीकाठच्या याच गावात झाला, असं परंपरा सांगते. एरवी शांत असणारं गाव त्या दिवशी ओळखू येत नाही. टाळ-मृदंग, बुक्क्याचा वास, चिखलात रुतलेल्या जीपगाड्या, रेवड्यांचे ढीग. आणि हो, पुस्तकांचे स्टॉल! हरिपाठ, अभंगांच्या गाथा, चटक रंगांत छापलेली संतांची चित्रं. पॉलिथिनच्या छपराखाली उकिडवं बसून मी नेहमीसारखी खालची थप्पी उपसायला लागले. कॉन काय नि परतवारी काय, चांगला माल खालीच असतो.

गुरुजींचं घर देवळापासून चालत पाच मिनिटांवर. ओसरीवर ट्रंक उघडली तेव्हा कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्याचा वास आला आणि वर साक्षात वेताळ! पण कंडिशन? पाठीला शिवणदोरा, कडांना चिकटपट्टी, एका मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल. मी अंक उलटा केला. मागच्या पानाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं नावांची रांग होती, प्रत्येकापुढे तारीख आणि बरोबरची खूण. सत्तरच्या दशकात गल्लीतल्या सहा-सात पोरांनी वर्गणी काढून हे अंक मागवले आणि क्रमानं वाचले होते. गुरुजी त्यातलेच एक. अंक फाटला तर शिवायचा कुणी, तेही ठरलेलं.

मी व्यवहाराचं बोलले. बऱ्यापैकी आकडा सांगितला. गुरुजींनी चष्मा पुसला. “वाचायचं असंल तर बैस इथं, चहा सांगतो. न्यायचं नाव काढू नको. ही काही माझ्या एकट्याची नाहीत.”

खरं सांगायचं तर मला राग आला. या दमट हवेत, चिकटपट्टीच्या गोंदात हे अंक आणखी किती वर्षं टिकतील? माझ्याकडे स्लीव्ह आहेत, बॅकिंग बोर्ड आहेत. जपायचं म्हणजे आधी हातांपासून दूर ठेवायचं, हे कलेक्टरचं पहिलं कलम!

संध्याकाळी देवळात गेले तेव्हा वारकऱ्यांच्या गर्दीत एक शीख कुटुंब रांगेत होतं, नांदेडहून आलेलं. नामदेव उत्तरेत गेले आणि त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत, हे शाळेत वाचलेलं. इथे उभं राहून त्याचा अर्थ वेगळा लागला. १६०४मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला आणि त्यात आलेली पदं कायमची स्थिर झाली. अमृतसरला आणि नांदेडला अक्षर तेच. आमच्या भाषेत, अस्सल मिंट!

इकडे महाराष्ट्रात नामदेव राहिले ते टाळकऱ्यांच्या तोंडी आणि कीर्तनकारांच्या वह्यांत. सात शतकं हाताळले गेले. पाठ बदलले, ओळी इकडच्या तिकडे झाल्या. विष्णुदास नामा नावाचा नंतरचा कवीही त्यात मिसळला आणि कुठला अभंग कुणाचा, यावर अभ्यासकांना झटावं लागलं. म्हणजे कडा झिजल्या, मागे नावं वाढली. पण त्या दिवशी नरसीत शेकडो माणसं पुस्तक न उघडता गात होती, हेही तितकंच खरं.

मग यातलं जपणं कुठलं? ग्रंथात बांधलं नसतं तर ती पदंही कदाचित पाठांतरात बदलत गेली असती. आणि नुसतंच बांधून ठेवलं असतं तर नरसीला परतवारी भरली नसती. दोन्ही लागतं. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नामदेवांमुळेच पंजाबात, घुमानला भरलं होतं. दोन्हीकडच्यांना एकमेकांची आठवण राहते ती अशी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओसरीवर गेले. या खेपेला आकडा सांगितला नाही. दिवसभर बसून प्रत्येक अंकाचा क्रमांक, मुखपृष्ठ आणि मागची नावं वहीत उतरवली. चिकटपट्टीऐवजी तांदळाच्या खळीनं पातळ जपानी कागद कसा लावायचा, ते गुरुजींना करून दाखवलं. त्यांची नात शेजारी पालथी पडून बहादूर वाचत होती. चहाचा कप मी तिच्यापासून दोनदा लांब सरकवला, तेवढंच.

माझ्या यादीत आता ‘कंडिशन’च्या शेजारी एक नवा रकाना आहे : ‘कुणी वाचलं’. पुढच्या कॉनला ती यादी घेऊन जाईन आणि खोक्यातला एखादा अंक उचलला की आधी त्याचं मागचं पान उघडीन.

कसं जाल?
अकोला–पूर्णा मार्गावरचं ‘हिंगोली डेक्कन’ हे जवळचं रेल्वे स्टेशन. हिंगोलीहून नरसीला एसटी किंवा जीपनं जाता येतं. परतवारीला गर्दी प्रचंड, तेव्हा सकाळी लवकर निघा आणि राहायची सोय हिंगोलीत करा. हाताशी दिवस असेल तर औंढा नागनाथ चुकवू नका. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, अशी कथा त्या हेमाडपंती देवळाची सांगतात. पावसाळ्यात छत्री हवीच. आणि जुनी पुस्तकं दिसली, तर आधी हात धुऊन घ्या!