आवाज बंद करून

जी.सी.एस.ई.साठी आमच्या मुलीने मीडिया स्टडीज हा विषय घेतला आहे. टीव्ही बघण्याचा अभ्यास तो काय करायचा, असे तिच्या आजीने पुण्याहून फोनवर विचारलेही. पण गृहपाठ चांगलाच कठीण निघाला. जाहिरात आवाज बंद करून पाहायची आणि प्रत्येक शॉट किती सेकंदांचा, कॅमेरा कुठे ठेवलेला, ते वहीत लिहायचे. कॅमेरा खालून वर पाहत असला की माणूस मोठा, दरारा असलेला वाटतो. वरून खाली पाहत असला की लहान, केविलवाणा.

मग तिने मदतनिधीच्या जाहिराती घेतल्या. सावळे मूल, कॅमेरा वर, पडदाभर डोळे.

"याचे आईवडील कुठे आहेत गं?" आम्ही विचारले.

"फ्रेमच्या बाहेर ठेवलेत."

'तुमच्याकडे असेच असते का?' असे वर्गातली मुले तिला विचारीत. आमच्या उत्तरांनी तिचे समाधान कधी झाले नव्हते. आता ती त्यांना कॅमेऱ्याची उंची दाखवते!

सुटीत आम्ही तिच्याबरोबर 'कुंकू' पाहिला, प्रभातचा, शांतारामबापूंचा, १९३७ सालचा. मराठी तिला निम्मेच कळते. तरी म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या नीराची घुसमट तिला बरोबर कळली. पार्श्वसंगीत नाही, हेही तिनेच टिपले: आता रडा, असे सांगायला व्हायोलिन नाही, घरातलेच आवाज.

मंडळात पुढच्या वेळी मराठी चित्रपट लावाल, तेव्हा मुलांना बाहेर खेळायला पाठवू नका. आमच्या मुलीची अट एकच आहे: बाबांनी शेजारी बसून प्रत्येक वाक्याचे इंग्रजी करू नये.