गनेनेत होताना

आपल्या नात्यागोत्यात एखादी गनेनेत, निदान सयाअत तरी निघतेच. म्हणून आज त्या शिक्षणाविषयी.

'गन येलादिम' म्हणजे मुलांची बाग. फ्रोबेलच्या जर्मन शब्दाचं सरळ भाषांतर. हिब्रूतून चालणारा पहिला गन १८९८ साली रिशोन लेत्सियोनला निघाला. आम्ही चौघी मैत्रिणी या कामात शिरलो सत्तरच्या दशकात, दीमोनात, सयाअत म्हणून. खेळणी पुसायची, चड्ड्या बदलायच्या, दहाच्या खाण्याला काकडी-टोमॅटो चिरायचे. मग सेमिनारला नावं घातली. घरून विरोध नव्हता. दोघींच्या आया माझगावच्या आपल्या शाळेत, रिबेका रूबेनबाईंच्या हाताखाली शिकलेल्या. मुलीनं शिक्षिका व्हावं यात त्यांना नवल कसलं?

सेमिनारमध्ये सगळ्यात जड गेली ती निरीक्षणाची वही. एका मुलाकडे वीस मिनिटं बघायचं आणि दिसलं तेवढंच लिहायचं. 'हट्टी आहे' चालत नसे. 'ठोकळा तीनदा फेकला' असं लिहायचं. पुढे सासरीही ही सवय उपयोगी पडली, पण ते असो.

गोष्ट सांगायच्या परीक्षेला आमच्यातल्या एकीनं चिऊ-काऊ हिब्रूत सांगितली. शेणाचं घर म्हणताच मुलं 'ईऽऽ' करून ओरडली. पण काऊ दार वाजवतो आणि चिऊ दर वेळी नवं काम काढते, तिथे सगळी गप्प. लहान मुलाला तीच गोष्ट, त्याच शब्दांत, पुन्हा पुन्हा हवी असते, असं वर्गात शिकवत होते. आमच्या आजीला ते कुणी शिकवलं नव्हतं.

तू बिश्वातला गनमध्ये सुके अंजीर आणि बदाम. त्याच दिवशी आपल्या घरी एलियाहू हन्नाबीचा उरूस. आम्ही मलिद्याचं ताट नेलं : पोहे, खोबरं, साखर, वेलची, फळं. मुलांनी खजूर वेचून खाल्ले, पोहे ठेवले. सयाअतनं मात्र दोनदा घेतलं.

एक गोष्ट मनाला लागली. त्या काळी सांगितलं जाई की ओलीम आयांना घरी फक्त हिब्रू बोलायला सांगा, नाहीतर मूल मागे पडेल. आम्ही मान खाली घालून वहीत उतरवत होतो. हेच आमच्या आयांना सांगितलं गेलं होतं, आणि मोडकंतोडकं हिब्रू बोलता बोलता त्या आमच्याशी कमी बोलायला लागल्या होत्या. मराठीत तासन्‌तास गप्पा मारणारी बाई हिब्रूत चार शब्दांत आटपते.

नव्वदच्या दशकात आमच्या गनमध्ये रशियन आणि अम्हारी बोलणारी मुलं आली. पस्तीसपर्यंत मुलं, एक गनेनेत, एक सयाअत. पालकसभेत आया हळूच विचारत, घरी काय बोलू? आम्ही सांगायचो, तुमचंच बोला. गाणी, गोष्टी, रागावणं, सगळं तुमच्या भाषेत. हिब्रूचं आम्ही बघतो.

आमच्या स्वतःच्या मुलांना मराठी कळते, बोलवत नाही. नातवंडांना 'पाणी' आणि 'चल', एवढंच. चौघींतली एक दर मंगळवारी नातवाला गनमधून आणते आणि वाटेत चिऊ-काऊ मराठीत सांगते. काऊनं दार वाजवलं की तो चिऊ होतो आणि ओरडतो, "रेगा!" सध्या त्याला 'थांब' शिकवणं चालू आहे.