पाचवी चिठ्ठी

बारावीच्या बायफोकल कॉम्प्युटर सायन्समध्ये ८०८५ मायक्रोप्रोसेसर आणि ८०५१ मायक्रोकंट्रोलर आटोपले की नेटवर्किंगचं प्रकरण येतं. तोवर पोरांना सीईटीचे वेध लागलेले असतात. टोपॉलॉजीच्या आकृत्या, हब आणि स्विचमधला फरक, केबलच्या प्रकारांची तुलना. पाठ केलं की मार्क पदरात, अशी या प्रकरणाची ख्याती. मला मात्र सबंध अभ्यासक्रमात हेच सर्वांत देखणं वाटतं, आणि ते स्टार टोपॉलॉजीच्या आकृतीने सुरू करायला माझा साफ विरोध आहे. मी सुरुवात करते ती वस्तू हरवण्यापासून.

पहिल्या बाकावरच्या मुलीला वर्तमानपत्रातली छोटी बातमी देते. तिने ती आठ चिठ्ठ्यांवर उतरवायची आणि शेवटच्या बाकापर्यंत हातोहात पोचवायची. चिठ्ठ्या कुठल्याही रांगेतून गेल्या तरी चालतील, पण तोंडाने बोलायचं नाही. मधल्या बाकांपाशी उभी राहून मी एक चिठ्ठी गुपचूप काढून घेते.

पहिल्या फेरीत बातमीची खिचडी होते. मग कुणीतरी सुचवतं, चिठ्ठ्यांवर नंबर टाका. नंबर आले की पाचवी आलीच नाही हे शेवटच्या बाकाला कळतं. पण पहिल्या बाकाला कसं कळणार? त्यातून प्रत्येक चिठ्ठीची पोच द्यायची कल्पना निघते. पुढच्या फेरीत मी चिठ्ठी जाऊ देते आणि पोचच काढून घेते. पोच नाही म्हणून पहिला बाक पाचवी पुन्हा धाडतो, आणि शेवटच्या बाकापाशी दोन पाचव्या येतात. नंबर सारखाच असल्याने दुसरी बाजूला टाकता येते, हेही मुलंच शोधतात. मग मी फळ्यावर सिक्वेन्स नंबर, अ‍ॅक्नॉलेजमेंट, रीट्रान्समिशन असे शब्द लिहिते आणि सांगते, की व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली मांडलेल्या टीसीपीचा गाभा तुम्ही आत्ता बाकांवर बसून तयार केलात. वाटेत माल हरवणारच, हे धरून ती व्यवस्था उभी आहे. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांत मात्र काहीच कधी हरवत नाही.

खरा अवघड प्रश्न यानंतरचा. पोच आली नाही, तर किती वेळ वाट पाहायची? इथे मी त्यांना फिजिक्सच्या वहीकडे पाठवते. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद, त्याहून कमी शक्यच नाही. लॅबमधून तिकडच्या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तराची वेळ मोजली, की ती दोनशेच्या आसपास येते, कारण केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. कधी एखादं अमेरिकन संकेतस्थळ दहा मिलिसेकंदांतच उत्तर देतं आणि वर्गात गलका होतो. गणित पक्कं असलेला मुलगा लगेच सांगतो, "मॅडम, हे तिकडून आलेलंच नाही!" बरोबर. त्या संकेतस्थळाची प्रत मुंबईतल्याच कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवलेली असते. एका भागाकाराने सर्व्हर कुठे नाही हे सांगता येतं, याचा त्या वयात जो आनंद होतो त्यासाठी मी दोन तासिका खुशाल खर्च करते.

वाट पाहण्याचा वेळ ठरवणं हा काही बारीकसारीक तपशील नव्हे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून थेट ४० बिटांवर कोसळला. अंतर जेमतेम चारशे यार्ड. गर्दी झाली म्हणून पॅकेट, म्हणजे आमच्या चिठ्ठ्या, हरवत होती, हरवली म्हणून सगळे पुरेशी वाट न पाहता पुन्हा पाठवत होते, आणि त्यानेच गर्दी वाढत होती. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी उपाय काढला: हरवल्याची चाहूल लागली की पाठवणाऱ्याने आपणहून हात आखडता घ्यायचा, मग वेग हळूहळू वाढवत न्यायचा. आजही तीच रीत इंटरनेटला तारते. अभ्यासक्रमात याची एक ओळही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

केबल क्रिंप करायला मुलांना फार आवडतं. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीत निळी का घुसवली, असं कुणीतरी विचारतंच. एका गटाला मी मुद्दाम जोड्या शेजारी-शेजारी लावू देते. टेस्टरवर एक ते आठ सगळे दिवे क्रमाने लागतात, मुलं खूश होतात. मग मी त्यांना लांबलचक केबल तशीच करायला लावते आणि मोठी फाइल पाठवायला सांगते. फाइल रखडते. तारा टोकापर्यंत नीट पोचल्या आहेत, पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनवरच्या तारा आता एकमेकींशी पिळलेल्या नाहीत. पीळ असला की बाहेरचा खरखराट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडे दोन्ही तारांची वजाबाकी होते तेव्हा उडून जातो. पीळ तुटला की तो उरतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने हा पीळ १८८१ मध्येच टेलिफोनसाठी योजला होता.

प्रॅक्टिकलला मी प्रत्येक पीसीत एकेक दोष पेरून ठेवते. काही मुलं आधी रीस्टार्ट करतात, मग केबल उपसतात. एक मुलगी मात्र वही घेऊन बसली. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत नाही, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून मिळालाय. राउटरला पिंग जातं. बाहेरच्या ८.८.८.८ लाही जातं. संकेतस्थळाचं नाव टाकलं की अडतं. म्हणजे नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस. काय काय ठीक आहे ते तिने आधी ओळीने लिहिलं होतं आणि दोष सर्वांत शेवटी. त्या आधीच्या ओळींनाच मी जास्त मार्क दिले, आणि शेजारच्या गटाने तक्रार केली तेव्हा तिची वही त्यांच्यापुढे ठेवली.