चित्रकलेचा तास

प्रागहून परत आले त्याला आता बरेच महिने झाले, तरी हळदीकुंकवाला, भाजीच्या गाडीपाशी, शाळेच्या स्टाफरूममध्ये तोच प्रश्न येतो, "काय काय पाहिलंस गं तिकडे?" मी पूल सांगते, किल्ला सांगते, घड्याळ सांगते. ऐकणारी "अगंबाई!" म्हणते आणि बोलणं थंडीच्या कपड्यांवर जातं. जे खरं पाहिलं ते असं उभ्याउभ्या सांगता येत नाही. म्हणून मैत्रिणींनो, आज तुमच्यासाठी लिहायला बसले आहे.

आधी जाणं कसं जमलं ते सांगते. यांच्या कारखान्यानं यांना एका नव्या यंत्राचं काम शिकायला दहा दिवस प्रागला पाठवायचं ठरवलं. मे महिना, राहायची सोय कंपनीची. हे हसत म्हणाले, "तिकिटाचं तुझं तू बघत असशील तर चल!" त्यांना वाटलं, मी गप्प बसेन. पण लग्नानंतर शाळेत अर्धवेळ मराठी शिकवायला लागल्यापासून दरमहा थोडे थोडे पैसे मी पोस्टात टाकत आले होते. पासबुक काढून यांच्यापुढे ठेवलं. सासूबाईंना विचारायचा मात्र धीर होईना. शेवटी त्याच म्हणाल्या, "जा गं. मी आहे ना घरी. माझ्या वेळी पंढरपूरला जायचं म्हटलं तरी वर्षवर्ष वाट पाहावी लागायची."

माहेरी फोन केला तर वडील म्हणाले, "म्हणजे आमच्या वेळचं चेकोस्लोव्हाकिया!" त्या एका देशाचे १ जानेवारी १९९३ला दोन देश झाले. प्राग ही त्यातल्या चेक देशाची राजधानी, व्ल्टावा नदीच्या दोन्ही काठांवर वसलेली. दर जूनमध्ये आपण मुलांना शाळेचे बूट घेतो ना, ते 'बाटा' मूळचे याच देशातले. १८९४ साली झ्लीन नावाच्या गावात तो धंदा सुरू झाला. प्रागच्या मोठ्या चौकात बाटाची टोलेजंग इमारत पाहिली आणि परक्या गावात कुणी ओळखीचं भेटावं तसं वाटलं.

निघताना यांच्या ऑफिसातल्या एकानं दहा ठिकाणांची यादी करून दिली होती. पहिल्या दिवशी कामावर निघताना ती माझ्या हातात ठेवून हे म्हणाले, "रोज दोन-दोन उरकून टाक. संध्याकाळी मला सांग काय काय झालं ते."

उरकणं! आपल्या बायकांच्या अगदी अंगवळणी पडलेला शब्द. स्वयंपाक उरकायचा, धुणं उरकायचं, शाळेत गेलं की पोर्शन उरकायचा. त्याच सवयीनं मी पर्समध्ये यादी आणि पेन घातलं आणि निघाले. अडतिसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी गावात एकटी! ट्रॅममध्ये बसले तेव्हा हाताला घाम फुटला होता. तिकीट आत चढल्यावर पिवळ्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. तो मारला गेला की नाही, हे मी तीनदा काढून पाहिलं.

चार्ल्स पूल पाहायचा तर सकाळी सहाला, हे मात्र लक्षात ठेवा. दहा वाजले की तिथे जत्रा असते. पहाटे नदीवर धुकं, पुलावर चार-दोन माणसं आणि दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. चौथ्या चार्ल्स राजानं १३५७ साली या दगडी पुलाचा पाया घातला. सोळा कमानी, लांबी अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त, आणि वर फक्त पायी चालणारी माणसं. पुतळ्यांतला एक नेपोमुकच्या संत जॉनचा. १३९३ साली राजाच्या हुकमावरून याला नदीत बुडवून मारलं. लोककथा अशी की, राणीनं देवापुढे जे मन मोकळं केलं ते याला ठाऊक होतं. राजानं खोदखोदून विचारलं, पण यानं सांगितलं नाही. इतिहासकार म्हणतात, भांडण चर्चमधल्या एका नेमणुकीचं होतं. पण मला लोककथाच आवडली. बाईच्या मनातलं पोटात ठेवून जीव देणारा पुरुष म्हटल्यावर पुतळ्याखालच्या पितळी पाटीला हात लावायला गर्दी होणारच! लाखो हातांनी ती पाटी लखलखीत झाली आहे.

मग जुन्या चौकातलं घड्याळ. १४१०चं. दर तासाला टोले पडतात, वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूचे बारा शिष्य एकेक करून दिसतात, बाजूचा हाडांचा सापळा घंटेची दोरी ओढतो आणि शेवटी सोन्याचा कोंबडा आरवतो. खाली माणसं माना वर करून अर्धा तास उभी, आणि खेळ मिनिटभरात आटोपतो. माझ्या शेजारची बाई आपल्या नवऱ्याला तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. भाषा कळली नाही, पण "एवढंच?" असंच म्हणाली असणार! गर्दी पांगल्यावर मी नीट पाहिलं. सूर्य कोणत्या राशीत, चंद्राची कला कोणती, सूर्यास्तापासून तास मोजायच्या जुन्या चेक पद्धतीनं वेळ काय, हे सगळं त्या एका तबकडीवर दिसतं. भिंतीवर टांगलेलं पंचांगच म्हणा ना.

टेकडीवरचा किल्ला म्हणजे एक गावच. आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, आतल्या इमारतींना तिकीट आहे. सेंट व्हिटसचं भव्य चर्च १३४४ साली बांधायला घेतलं आणि १९२९ साली पुरं केलं. पावणेसहाशे वर्षांच्या वर! आमच्या घराचा वरचा मजला चार वर्षं अर्धवट आहे म्हणून मी यांना केवढी बोलते, ते आठवून हसू आलं. सगळीकडे गुळगुळीत दगडांची फरसबंदी आहे, तेव्हा नव्या चपला घालून जाऊ नका. खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला तळलेलं चीज आणि बटाटे यांवर भागवावं लागतं. मी थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट नेलं होतं, म्हणून निभावलं.

चार दिवसांत यादीतल्या सहा खुणा झाल्या. हे खूश, मीही खूश.

सातवं ठिकाण ज्यू लोकांची जुनी वस्ती. शनिवारी यांना सुट्टी म्हणून दोघं मिळून गेलो, तर दाराला कुलूप. शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. म्हणून सोमवारी मी एकटी गेले. मनात म्हटलं, तासाभरात उरकू आणि दुपारी आठवं करू.

पिंकस सिनेगॉग हे त्यांचं एक जुनं प्रार्थनामंदिर. आत मूर्ती नाही, सजावट नाही. चारी भिंतींवर छतापर्यंत बारीक अक्षरांत फक्त नावं. हिटलरच्या नाझींनी ज्यांचा जीव घेतला त्या इथल्या ज्यू बायकामाणसांची जवळजवळ ऐंशी हजार नावं, गावागावांप्रमाणे, जन्मतारखेसकट, हातानं लिहिलेली. १९५४ ते १९५९ या काळात ती प्रथम लिहिली. पुढे ओलीनं भिंती खराब झाल्या, नावं गेली. १९९०नंतर सगळी पुन्हा लिहिली. ऑगस्ट २००२मध्ये व्ल्टावेला मोठा पूर आला आणि भिंती भिजल्या. पुन्हा दुरुस्त केल्या.

मैत्रिणींनो, मी सांगलीची. पूर ओसरल्यावर भिंत कशी दिसते, हे मला कुणी सांगायला नको. २०१९ साली आमच्या गल्लीत पाणी होतं. खपल्या धरलेल्या भिंतींवरून हात फिरवत आम्ही घरं पुन्हा उभी केली. तेव्हा आम्ही रंग दिला होता, या लोकांनी नावं दिली. हे मनात आलं आणि पाय जड झाले.

वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं आहेत. प्रागपासून साठेक किलोमीटरवर तेरेझीन नावाचं तटबंदीचं गाव आहे. नाझींनी १९४१पासून ज्यूंना तिथे कोंडलं. तिथून गाड्या भरून पुढे आउश्वित्झला पाठवत. मुलांची शाळा घ्यायला बंदी होती. १९४२च्या डिसेंबरात तिथे फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाची एक चित्रकार बाई नवऱ्याबरोबर आणली गेली. सामान मोजकंच नेता येई. तिनं त्यात रंग आणि कागद घातले, आणि त्या कोंडवाड्यात मुलांना चित्रकला शिकवायला लागली. कागद संपले तेव्हा वापरलेल्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजू घेतल्या. प्रत्येक चित्रावर ज्याचं त्यानं नाव घालायचं, असा तिचा आग्रह असे.

१९४४च्या सप्टेंबरात तिच्या नवऱ्याला पुढच्या गाडीनं नेलं. त्याच्यामागोमाग जायचं म्हणून तिनं आपण होऊन नाव दिलं. जाण्यापूर्वी मुलांची साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून तिनं मागे लपवून ठेवली. ९ ऑक्टोबर १९४४ला आउश्वित्झला तिचा अंत झाला. नवरा मात्र वाचला. सुटकेसही वाचल्या. चित्रं काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत.

त्या चित्रांत काय आहे म्हणाल? फुलं, फुलपाखरं. एकावर एक रचलेल्या फळ्यांच्या खाटा. आणि घरं. कौलारू घर, दार, खिडकी, शेजारी झाड. आपल्या मुलांनी वहीत काढावं तसंच.

तिथे मला आमच्या सहावीतली एक मुलगी आठवली. मार्चमधली गोष्ट. परीक्षा तोंडावर, माझं व्याकरण राहिलेलं. म्हणून दर वर्षीप्रमाणे मी चित्रकलेचा तास मागून घेतला होता. आमच्या शाळेत तो तास म्हणजे रिकामं शेत, कुणीही गुरं सोडावीत. मी फळ्यावर समास लिहीत होते आणि ही मुलगी मान खाली घालून काहीतरी गिरवत होती. जाऊन पाहिलं तर व्याकरणाच्या वहीत चित्र. कौलारू घर, खिडकीपर्यंत निळ्या पेनाच्या रेघा आणि खिडकीशी एक होडी.

"हा काय चित्रकलेचा तास आहे?" मी म्हटलं, आणि पान फाडून टोपलीत टाकलं.

आणि मैत्रिणींनो, तो चित्रकलेचाच तास होता.

निळ्या रेघा म्हणजे पाणी, हे सांगलीत राहून मला तेव्हा कळलं नाही. ते प्रागमध्ये, परक्या मुलांच्या चित्रांपुढे उभी राहिल्यावर कळलं. एका बाईनं गाडीत बसण्यापूर्वी मुलांचा कागद न् कागद जपून ठेवला. आणि मी? टोपलीत टाकला. तिच्या दुःखाशी माझी बरोबरी नाही, ती करणंही बरोबर नाही. पण दोघी मुलांना शिकवणाऱ्या, एवढं नातं पुरेसं होतं. शेजारचा म्हातारा गृहस्थ उठून गेला, तरी मी बाकावर बसूनच होते.

संध्याकाळी यांनी विचारलं, "आज किती झालं?"

"एकच," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं, फाडलेल्या पानासकट. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "उरलेलं राहू दे." नंतरचे दिवस संध्याकाळी आम्ही नुसते नदीकाठी बसलो. तिकडे मे महिन्यात रात्री साडेआठ-नऊपर्यंत उजेड असतो. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण काही काम नसताना इतका वेळ शेजारी शेजारी बसल्याचं मला आठवत नाही. यादीत तीन जागा कोऱ्या राहिल्या.

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुलगी आता सातवीत. तिला बाजूला घेऊन म्हटलं, "तुझं ते चित्र मी फाडलं, ती माझी चूक झाली. पुन्हा काढून देशील का?"

ती गोंधळली. बाई चूक झाली म्हणतात, हे तिला नवीन असावं. म्हणाली, "कुठलं चित्र, बाई? मला नाही आठवत," आणि पळाली.

पुढे पालकसभेत तिची आई भेटली. २०२१च्या पुरात त्यांना रात्री होडीतून बाहेर काढलं होतं. "अजून पाऊस वाढला की ही झोपत नाही," आई म्हणाली. "पण बोलत नाही कधी."

बोलत नव्हती हे खरं. एकदा सांगितलं होतं, निळ्या पेनानं. मी वाचलं नाही.

यंदाही फेब्रुवारी आला, पोर्शन राहिला. दुसऱ्या एका बाईंनी चित्रकलेचा तास मागितला. मी म्हटलं, "माझा मराठीचा एक तास घ्या, पण तो नको." त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. त्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसते. मुलं काय काढतात ते पाहते. विचारत नाही. चित्राखाली नाव मात्र घालायला लावते.

ती मुलगी सध्या मांजरं काढते. नुसती मांजरं. माझ्या कपाटात तिची सात मांजरं जपून ठेवली आहेत.

तुम्ही प्रागला गेलात तर पूल जरूर पाहा, किल्ला पाहा, घड्याळापुढे मानही वर करा. पण पिंकसला जाल तेव्हा त्या दिवसाच्या यादीत दुसरं काही ठेवू नका. आणि नाही जाता आलं, तर आज संध्याकाळी मुलाच्या वहीची मागची पानं उघडून पाहा. रागवायला नव्हे, नुसती पाहायला.